परत द्यायचं असेल, तर जीव का लावायचा?

परवा हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांत एक विषय निघाला, तो वाटल्या डाळीच्या बशा रिकाम्या झाल्या तरी संपला नाही. आमच्या ओळखीतल्या एका बाईंनी दहा वर्षांची एक मुलगी सव्वा वर्ष आपल्या घरी सांभाळली होती. दत्तक घेतली नव्हती हं, नुसती सांभाळली होती! मुलीचा बाप वारलेला. आई लांबणीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेली. नातेवाइकांनी हात वर केले आणि मुलगी बालगृहात आली, तिथून या बाईंच्या घरी. आता आई हिंडूफिरू लागली, काम करू लागली, आणि गेल्या महिन्यात मुलगी आईकडे परत गेली.

"रडली ना शेवटी? मी तेव्हाच म्हटलं होतं," एकजण म्हणाली. "परत द्यायचीच होती, तर एवढा जीव लावायचा कशाला? आपलंच काळीज कुरतडून घ्यायचं!"

प्रश्न खोटा नाही. असं मूल घरी आणायचा विचार ज्या ज्या घरात निघतो, तिथे तो पहिल्या दिवशीच दारात उभा राहतो. म्हणून आज त्याच्याविषयीच थोडं बोलू या.

दत्तक वेगळं, हे वेगळं

याला इंग्रजीत फॉस्टर केअर म्हणतात, सरकारी मराठीत प्रतिपालकत्व. दत्तक घेतलेलं मूल कायद्यानं आपलं होतं, आपलं नाव लावतं. इथे तसं नाही. इथे मूल आपल्या घरी राहतं, आपल्या पंगतीला जेवतं, आपल्या पत्त्यावरून शाळेत जातं. पण त्याचे आईबाप असतील, तर ते त्याचे आईबापच राहतात. समितीला गैर वाटलं नाही, तर ते मुलाला ठरावीक दिवसांनी भेटायलाही येऊ शकतात. घरची परिस्थिती सुधारली, तर मूल परत जातं.

ही सोय २०१५ सालच्या बाल न्याय कायद्यात आहे. मूल कोणाकडे द्यायचं, हे जिल्ह्याची बाल कल्याण समिती ठरवते. भावंडं असतील, तर शक्यतो एकत्र ठेवावीत, असंही कायदा सांगतो. म्हणजे ही कुणाची खाजगी मेहेरबानी नव्हे, आणि कुणाचं मूल परस्पर उचलून आणणं तर नव्हेच नव्हे!

आपल्याला हे अगदीच नवीन आहे का? आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत गरीब मुलं वार लावून जेवत आणि शिकत. सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे. त्या घरच्या बायकांनी ती मुलं आपली होणार म्हणून पान वाढलं नव्हतं. फरक इतकाच, की त्या मुलांना सात घरं होती आणि आपलं असं एकही नव्हतं. इथे मुलाला एकच घर मिळतं.

घरच का हवं?

कुणी म्हणेल, बालगृहं आहेत की! तिथे जेवणखाण आहे, शाळा आहे. आहे ना, आणि तिथल्या ताई पुष्कळ कष्टही घेतात. पण एक ताई आणि मुलं पंचवीस, असं असलं की कुणाला वरणात लिंबू लागतं आणि कुणाला अंधाराची भीती वाटते, हे लक्षात कोण ठेवणार? पाळी संपली की एक ताई घरी जाते, दुसरी येते. मुलाला मात्र घरी जाता येत नाही.

याची तपासणीही झाली आहे. रुमानियाच्या राजधानीत, बुखारेस्टमध्ये, २००० साली एक अभ्यास सुरू झाला. संस्थांत वाढणारी १३६ तान्ही आणि लहानगी मुलं निवडली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची वाटणी करून निम्म्यांना सांभाळणारी कुटुंबं दिली. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा दिसलं की कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी अधिक चांगली वाढली. आणि जितक्या लहानपणी घर मिळालं, तितका फायदा जास्त.

आपल्याकडे या मार्गानं येणारी मुलं त्याहून मोठी, म्हणजे सहा वर्षांपुढची असतात. पाळण्यातलं बाळ सगळ्यांना हवं असतं. आठ-दहा वर्षांच्या मुलाला कोण विचारतो? ज्यांचं कोवळं वय असंच निघून गेलं, त्यांना आणखी किती थांबवायचं?

गोड गोड समजू नका

आता दुसरी बाजू. मूल घरात पाऊल टाकताच गळ्यात पडेल, अशी आशा ठेवू नये. या बाईंकडची मुलगी पहिले दोन महिने पोळी फडक्यात गुंडाळून उशाखाली ठेवायची. बाईंनी रागावणं सोडलं आणि तिच्या हाताला येईल अशा फळीवर लाडवांचा डबा ठेवला. "हा तुझा. रात्री भूक लागली तर विचारायचं नाही, घ्यायचं." हळूहळू उशाखालची पोळी बंद झाली. काही मुलं अंथरूण ओलं करतात, काही खोटं बोलतात, काही "तू कुठे माझी आई आहेस!" म्हणून तोंडावर सांगतात. त्यावर रागावून काय होणार? ते खरंच असतं! ही मुलगी बाईंना काकूच म्हणायची, आणि दर रविवारी काकूच तिला आईला भेटवून आणायच्या.

घरातल्यांचंही पाहावं लागतं. आपल्या मुलांना वाटेल, आईची माया वाटली गेली. त्यांना आधी विश्वासात घ्या. सासूबाई विचारतील, "कुणाचं पोर, कुठल्या जातीचं?" त्याला उत्तर एकच: उपाशी पोराची जात भूक. पण हे उत्तर घरातल्या कर्त्या पुरुषानंही दिलं पाहिजे. नवऱ्याचं मन नसताना एकटीनं हट्टानं हे करू नये. ओढाताण शेवटी मुलाचीच होते.

आणि एक गोष्ट स्पष्ट लिहिते. वरकामाला हात मिळेल किंवा म्हातारपणी सोबत होईल, असा विचार मनात असेल, तर या वाटेला जाऊच नका. आपली मुलगी घरात जेवढी कामं करते तेवढीच हिनं करायची, आणि आपली जशी शिकते तशीच हिनं शिकायचं.

कुणाला जमेल?

२०२४ सालच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे जोडप्याचा संसार निदान दोन वर्षं स्थिर असावा. एकट्या बाईलाही मूल सांभाळता येतं, मग ती अविवाहित असो, विधवा असो वा घटस्फोटित. वय मात्र पस्तिशीच्या पुढचं हवं. एकट्या पुरुषाकडे फक्त मुलगा देतात. मूल दोन वर्षं एका घरात नीट रुळलं आणि कायद्यानं दत्तक देण्याजोगं ठरलं, तर त्या घराला ते दत्तकही घेता येतं. पूर्वी ही मुदत पाच वर्षांची होती.

विचार पक्का झाला, तर जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात जाऊन जिल्हा बाल संरक्षण कक्षात चौकशी करा. समाजसेवक घरी येतात, माणसं पाहतात, मिळकत विचारतात, शेजारपाजारच्यांशी बोलतात. घर मोठं नसलं तरी चालतं. मुलाला निजायला-अभ्यासाला आपली जागा हवी. प्रकृतीचा दाखला आणि पोलिसांकडची चौकशी होते. मूल आल्यावरही समितीनं दर महिन्याला पाहणी करावी, असा नियम आहे. त्यात अपमान मानू नये. ती मुलाच्या रक्षणासाठी असते. मिशन वात्सल्य योजनेत एका मुलामागे महिन्याला ४००० रुपयांच्या साहाय्याची तरतूद आहे. त्यात वह्यापुस्तकांना हातभार लागतो, कमाई होत नाही.

एखादं मूल संकटात दिसलं, तर ते घरी न आणता १०९८ या क्रमांकावर कळवा.

मग जीव लावायचा का?

आता हळदीकुंकवातल्या त्या प्रश्नाकडे येते. त्या बाई कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "रडले ना! चांगली आठ दिवस रडले. अजूनही सकाळी चुकून दोन वेण्यांच्या रिबिनी हातात येतात. पण मी रडेन म्हणून त्या पोरीनं सव्वा वर्ष बालगृहात काढायचं होतं का? आणि परत गेली ती काही परक्याकडे नाही, आईकडे गेली. त्यासाठीच तर ठेवली होती."

कुणी काही बोललं नाही. आपण लेकी वाढवतो, त्या काय आपल्या घरी ठेवण्यासाठी? मांडवातून निघताना काळीज तुटतं, म्हणून कोणती आई लेकीवर माया करायचं टाळते? मुलगे शिकायला, नोकरीला दूर जातात, ते तरी कुठे मुठीत राहतात? मूल सोडून द्यायचा सराव आपल्याला आहे. या मुलांसाठी तो थोडा लवकर करावा लागतो, एवढंच.

निघताना बाईंनी माझ्या हातावर वाण ठेवलं आणि हळूच म्हणाल्या, "सोमवारी कार्यालयात जाऊन आले. फळीवरचा डबा अजून हलवलेला नाही. बारा वर्षांचा एक मुलगा आहे म्हणे. मोठा आहे, म्हणून कुणी विचारत नाही."