भार ओढणारी चाके

छत्तीसगढचे लोक आपल्या प्रदेशाला ‘धानाचा कटोरा’ म्हणतात. कापणी आटोपली की रायपूरच्या आसमंतातील रस्ते धानाच्या पोत्यांनी भरलेल्या वाहनांनी गजबजून जातात. पूर्वी हे काम बैलगाडी करीत असे. आज ते मुख्यतः ट्रॅक्टरच्या ट्रॉलीकडे, आणि थोड्या मालासाठी पिक-अप नावाच्या छोट्या मालमोटारीकडे आले आहे. पिक-अपच्या मागे कधी पाण्याची टाकी, कधी जनित्र, कधी एखादी दुचाकी ट्रॉलीही जोडली जाते. अशा वेळी इंजिनाच्या शक्तीची चौकशी सर्वजण करतात. चाकांची मात्र क्वचितच कोणी करतो. वस्तुतः साऱ्या भाराचा रस्त्याशी संबंध येतो तो चाकांच्या द्वारेच.

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची धाव चढवीत. ती झिजत नसे, पण प्रत्येक खड्ड्याचा धक्का जसाच्या तसा आसापर्यंत आणि बैलांच्या खांद्यापर्यंत पोचत असे. हवा भरलेल्या चाकाची कल्पना रॉबर्ट टॉमसन याने १८४५ साली पेटंट घेऊन मांडली. पण ती विस्मृतीत गेली आणि १८८८ साली बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन डनलॉप याने ती स्वतंत्रपणे पुन्हा शोधून काढली. या चाकाचे मर्म असे की, भार मुख्यतः रबर तोलीत नाही, तर आत कोंडलेली हवा तोलते. चौरस इंचास ५० पौंड, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे साडेतीन किलोग्रॅम, दाब असलेल्या टायरवर ८०० किलोग्रॅम भार पडला, तर त्याचा जमिनीशी स्पर्श सुमारे २३० चौरस सेंटिमीटर होतो. शाळकरी वहीच्या पानाहूनही लहान अशा या तुकड्यावर ओढणे, वळणे आणि थांबणे ही तिन्ही कामे अवलंबून असतात.

दाब कमी असेल तर स्पर्शाचा तुकडा मोठा होतो. पकड वाढली, असे समजून कोणी समाधान मानील. परंतु टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते आणि वाकलेले रबर सरळ होताना घेतलेली सारी ऊर्जा परत देत नाही. उरलेल्या ऊर्जेची उष्णता बनते. मे महिन्यात रायपूरचे तापमान ४५ अंशांच्या आसपास जाऊ शकते; त्यावेळी डांबर हवेहूनही अधिक तापलेले असते आणि ही आतली उष्णता बाहेर पडण्यास वाव उरत नाही. रबर व आतील धाग्यांचे थर सुटू लागतात आणि टायर फुटतो. दोष उन्हाला दिला जातो. कारण असते सकाळी न तपासलेला दाब.

येथे एका प्रचलित गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. पहाटे २७ अंशांना ५० पौंड भरलेल्या टायरमधील हवा प्रवासात ५७ अंशांपर्यंत तापली, तर वायूच्या नियमानुसार दाब सुमारे साडेसहा पौंडांनी वाढतो. हे पाहून पुष्कळ चालक मध्येच हवा सोडतात. टायर थंड झाल्यावर त्यात जेमतेम ४४ पौंड उरतात आणि दुसऱ्या दिवशी तो अधिकच तापतो. निर्मात्याने सांगितलेला दाब थंड टायरचा असतो. तो निघण्यापूर्वीच मोजावा. भरलेल्या व रिकाम्या गाडीसाठी आकडे बहुधा वेगवेगळे असतात.

मागे ट्रॉली जोडली की गणित बदलते. बैलगाडी हाकणाऱ्यास हे पिढ्यान्पिढ्या ठाऊक होते. ओझे मागे गेले की गाडी उलाळ होते, फार पुढे आले की जू जड होते. दुचाकी ट्रॉलीतही एकूण वजनाचा सुमारे १० ते १५ टक्के भाग जोडणीच्या आकड्यावर यावा असा संकेत आहे. त्याहून कमी आला तर ट्रॉली वेगात डावी-उजवी हेलकावू लागते. आता समजा, आकड्यावर १५० किलोग्रॅम आले. पिक-अपच्या पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर ३ मीटर आणि आकडा मागच्या आसाच्या १.२ मीटर मागे आहे. मागचा आस हा तरफेचा टेकू ठरतो. पुढच्या चाकांवरचा भार ६० किलोग्रॅमने हलका होतो आणि मागच्या चाकांवर १५० नव्हे, २१० किलोग्रॅम वाढतात. गाडीच्या हौद्यातील माल याखेरीज. म्हणून मागील टायरांची निवड या वाढीव भारावरून करावयाची असते.

टायरच्या कुशीवर कोरलेले आकडे यासाठीच वाचावयाचे. ‘२१५/७५ आर १५’ याचा अर्थ रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, धागे आसापासून त्रिज्येच्या दिशेने गेलेले, आणि रिमचा व्यास १५ इंच. यापुढचा भारांक अधिक महत्त्वाचा : १०० म्हणजे ८०० किलोग्रॅम, ११२ म्हणजे ११२० किलोग्रॅम प्रत्येक टायरला. आकार तोच असूनही प्रवासी मोटारीचा व मालवाहू वाहनाचा टायर भारांकात पुष्कळ निराळा असू शकतो. स्वस्त म्हणून घेतलेला पहिला टायर रिमवर बिनतक्रार बसतो, आणि हाच खरा धोका आहे. शिवाय त्याच्या बाजू मऊ असल्याने ट्रॉलीच्या हेलकाव्यांना त्या आवर घालू शकत नाहीत.

रुबाबासाठी मोठी चाके बसविण्याची हौस तरुण चालकांत दिसते. वरील टायरचा व्यास सुमारे ७० सेंटिमीटर आहे. तो ७७ केला तर इंजिनाचा पीळ तेवढाच राहून ओढ सुमारे एक-अकरांश घटते. वेगमापक ६० दाखवील तेव्हा वाहन ६६ ने धावत असेल. रिम बाहेरच्या बाजूस अधिक सरकलेली असल्यास बेअरिंगवरचा ताणही वाढतो. पोलादी रिम दिसावयास ओबडधोबड, पण खड्ड्यात आपटल्यास बहुधा वाकते, तडकत नाही. खेड्यातल्या रस्त्यांसाठी तीच बरी.

रायपूरहून धमतरी, कांकेरमार्गे जगदलपूरकडे जाताना केशकालचा घाट लागतो. उतारावर सतत ब्रेक दाबल्यास ब्रेकची उष्णता रिमद्वारे टायरपर्यंत पोचते. खालच्या गिअरमध्ये उतरल्यास इंजिनच भार धरते.

ट्रॉलीची स्वतःची चाके मात्र वेगळ्याच कारणाने निकामी होतात. हंगाम सरला की ती महिनोन्महिने उन्हात उभी राहते. नक्षी शाबूत असते, रबर मात्र तडकलेले असते. कुशीवरील चार आकडे टायरचे वय सांगतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पहिले पोते चढविण्यापूर्वी हे आकडे आणि बाजूंवरील भेगा पाहाव्यात, आणि हंगाम संपल्यावर ट्रॉली ठोकळ्यांवर उचलून चाके सावलीत ठेवावीत.