खाऱ्या पाण्याची टाकी : कोणता मासा आधी, कोणता शेवटी?

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. तिथले समुद्री मासे पाहून आलेल्या कितीतरी लोकांना घरी तशी टाकी ठेवण्याची हौस लागली. जालन्यासारख्या समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूरच्या गावातही असे गिऱ्हाईक दुकानात येते. काच कापून सिलिकॉनने टाकी जोडणे आपल्या कारागिरांना जमते. पण टाकी आणि मासे एकाच दिवशी विकले, तर आठवड्यात मासे मरतात आणि गिऱ्हाईक तुटते.

मासा पाण्यात अमोनिया सोडतो. हे विष पचवणारे जिवाणू दगडांवर आणि वाळूत वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकी बिनमाशांची चालवावी. मीठ स्वयंपाकाचे चालत नाही, समुद्री टाकीसाठी बनवलेलेच घ्यावे. १०० लिटरला साधारण साडेतीन किलो लागते. बोअरच्या जड पाण्याऐवजी आर.ओ.चे पाणी बरे.

आता मासे. खरे नुकसान इथेच होते, कारण गिऱ्हाईक रंग पाहून निवडते. निळा डॅमसेल स्वस्त आणि चिवट, म्हणून बहुतेक दुकानदार तोच आधी देतात. पण तो एकदा जागा धरून बसला की नंतर आलेल्याला जगू देत नाही. म्हणून गोबीसारखे शांत मासे आधी सोडावेत, मग क्लाऊन, आणि डॅमसेल द्यायचाच तर सर्वांत शेवटी. क्लाऊन सगळे नर म्हणूनच जन्मतात. जोडीतला मोठा पुढे मादी होतो. त्यामुळे एक लहान, एक मोठा अशी पिल्ले दिली की जोडी जमते. एकाच आकाराचे, एकाच रंगाचे दोन टँग मात्र लहान टाकीत भांडून मरतात. लायन फिश तोंडात मावेल तो शेजारी गिळतो. त्याला लहान माशांबरोबर विकूच नये.

एका वेळी एकच मासा, दोन मासे सोडण्यात किमान दोन आठवड्यांचे अंतर. नवा माल आधी वेगळ्या टाकीत तीन-चार आठवडे ठेवावा, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग पसरत नाही. पिशवीत टाकीचे पाणी तासभर थेंब थेंब सोडून मग दिवा बंद करून मासा सोडावा. त्याआधी आतले दगड हलवले, तर जुन्या माशाची हद्द मोडते आणि मारामारी कमी होते. एवढी साधी युक्ती, पण फार थोडे जण करतात.

समुद्री घोडा आणि प्रवाळ कोणी कितीही मागितले तरी ठेवू नयेत. २००१ पासून त्यांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. दंड आणि तुरुंग दोन्ही होऊ शकतात.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. टाकीचे पाणी २४ ते २७ अंशांत ठेवावे लागते, शिवाय वीज गेली तर हवेचा पंप बॅटरीवर हवा. उडून जाते ते नुसते पाणी, मीठ मागे राहते. म्हणून घट भरताना साधे आर.ओ.चे पाणीच घालावे, हे टाकी देतानाच गिऱ्हाइकाला सांगून ठेवावे.