दुरुस्तीच्या खुणा : कोकणातल्या जुन्या व्हिडिओ गेमचा संग्रह

‘व्हिडिओ गेम’ हा शब्द आपल्याकडे तीन निरनिराळ्या वस्तूंना सरसकट लावला गेला. टीव्हीला जोडायचा डबा ही पहिली, पार्लरमध्ये नाणे टाकून खेळायचे कपाट ही दुसरी, आणि तळहातावर मावणारी, सेल घातले की स्वतःच्या इवल्या पडद्यावर चालणारी ही तिसरी. काटेकोरपणे पाहिले तर तिसरीत ‘व्हिडिओ’ म्हणावे असे काही नसते. पण मुलांनी तिला तेच नाव दिले, आणि मुलांपुढे कोशकारांचे काही चालत नाही. हा लेख या तिसऱ्या वस्तूबद्दल आणि तिच्या थोरल्या भावंडाबद्दल, म्हणजे टेबलावर ठेवून खेळायच्या गेमबद्दल आहे.

गेली अठरा-वीस वर्षे मी अलोरे, शिरगाव, पोफळी, चिपळूण, खेड या पट्ट्यात असे गेम जमवतो आहे. बहुतेक भंगारवाल्यांकडून, काही घरांच्या माळ्यांवरून, थोडे पुण्याच्या जुन्या बाजारातून. जगभरच्या संग्राहकांचा एक ठरलेला दंडक असतो : वस्तू कोरी हवी, खोक्यासह हवी, तिला कुणाचा हात लागलेला नसावा. हा दंडक कोकणात लावला तर माझ्या कपाटातली जवळजवळ प्रत्येक वस्तू बाद ठरेल. माझे म्हणणे नेमके उलट आहे. आपल्याकडे या खेळण्यांचा लेखी इतिहास जवळपास नाहीच. त्यांच्यावर झालेली दुरुस्ती हाच तो इतिहास आहे.

आधी ही वस्तू जन्मली कशी ते पाहू. १९७६ साली अमेरिकेतल्या मॅटेल कंपनीने ‘ऑटो रेस’ नावाचा गेम काढला. लाल दिव्यांचे ठिपके, त्यातला एक ठिपका आपली गाडी. आतली चिप कॅल्क्युलेटरची, आणि तिच्यात कार्यक्रमाला जागा होती ५१२ बाइट. आज संगणकात देवनागरीचे एक अक्षरचिन्ह साधारण तीन बाइट घेते, म्हणजे या परिच्छेदातली पहिली चार वाक्येसुद्धा त्या चिपमध्ये मावणार नाहीत. तेवढ्यात एक अख्खी शर्यत बसवली होती. १९७८ मध्ये मिल्टन ब्रॅडलीचा ‘सायमन’ आला, चार रंगांची चार बटणे आणि स्मरणशक्तीची परीक्षा. मग १९८० मध्ये जपानच्या निन्टेन्डोने ‘गेम ॲण्ड वॉच’ ही मालिका सुरू केली. तिचे जनक गुनपेई योकोई. आगगाडीत एक कंटाळलेला प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणे दाबत बसलेला दिसला आणि त्यावरून कल्पना सुचली, असे ते सांगत. कॅल्क्युलेटरच्या धंद्यातल्या चढाओढीने काचेचे पडदे आणि चिपा तोवर मातीमोल झाल्या होत्या. जुने, स्वस्त, सगळ्यांना माहीत झालेले तंत्र घ्यायचे आणि त्याचा भलताच उपयोग करायचा, ही योकोईंची रीत. १९९१ पर्यंत चाललेल्या या मालिकेचे ४ कोटी ३४ लाख नग खपले. रशियनांनी तिची नक्कल करून लांडगा कोंबड्यांची अंडी झेलतो असा गेम काढला. हजार गुण झाले की त्यात कार्टून फिल्म दिसते, अशी अफवा सोव्हिएत मुलांत पक्की होती. फिल्म कधीच दिसली नाही.

या पडद्यांवर चित्र हलते कसे? खरे तर ते हलतच नाही. पात्राच्या जेवढ्या अवस्था दाखवायच्या तेवढ्या सगळ्या काचेवर आपापल्या जागी आधीच आखलेल्या असतात. चिप एकेक उजळवते आणि विझवते. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी पाहिलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. पोथीतली चित्रे आधीच काढलेली असतात, कथेकरी एकेक पान पुढे करतो आणि आपल्या डोळ्यांपुढे युद्ध घडते. नवा सेल घातल्यावर गेमच्या पडद्यावर क्षणभर सगळी चित्रे एकदम उमटतात : सगळे हात, सगळे चेंडू, सगळ्या पडझडी. जणू कुणी अख्खी पोथी उजेडात एकावर एक धरली आहे.

टेबलावरच्या गेमची गोष्ट निराळी. १९८१-८२ च्या सुमारास कोलेको, टोमी, बांदाई या कंपन्यांनी पार्लरमधल्या कपाटाच्या लहानग्या प्रतिकृती काढल्या. त्यांचा पडदा म्हणजे हवा काढून घेतलेली चपटी काचेची नळी, हिरव्या-निळ्या तेजाने चमकणारी. अंधारात फारच देखणी दिसते. पण ती सेल खाते. त्यामुळे असे गेम आपल्याकडे फार काळ खेळले गेले नसावेत, आणि जे खेळले गेले ते अडॅप्टर लावून.

आता ते इथे आले कसे, ते. अलोरे ही कोयना प्रकल्पाची वसाहत. कोळकेवाडीचे धरण, तिसऱ्या टप्प्याचे वीजगृह, मग चौथ्या टप्प्याचे बोगदे, या कामांमुळे सह्याद्रीच्या पायथ्याशी महाराष्ट्रभरचे अभियंते, वायरमन, वेल्डर, कारकून एकत्र राहिले. हा एक ग्राहकवर्ग, महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा. दुसरा वर्ग गावोगावचा. चिपळूण, खेड, दापोली, मंडणगड या तालुक्यांतून माणसे आधी बोटीवर खलाशी म्हणून आणि सत्तरच्या दशकातल्या तेलाच्या भरभराटीनंतर कुवेत, दुबई, सौदीला गेली. त्यांच्या बॅगेतून अत्तर, टेपरेकॉर्डर, घोंगडीएवढी जाड ब्लँकेटे आणि मुलांसाठी गेम आले. तिसरा रस्ता मुंबईच्या चाकरमान्यांचा, गणपतीत आणि शिमग्याला. दुकानात उघड विकायला आयात करणे सोपे नव्हते. ग्राहकोपयोगी वस्तूंवरचे परवान्याचे शेवटचे मोठे निर्बंध १ एप्रिल २००१ रोजी उठले. म्हणून पावत्या नाहीत, जाहिराती नाहीत, हमीपत्रे नाहीत. खोकीही नाहीत. आखातातून येणाऱ्या अनेकांनी मला एकच कारण सांगितले : खोके जागा खाते आणि कस्टमवाल्याच्या डोळ्यात भरते, गेम खोक्याबाहेर काढून कपड्यांत गुंडाळला की तो वापरलेला दिसतो.

कागद नसताना वस्तूला बोलते करायचे तर तिची पाठ उघडावी लागते. माझ्याकडे टेबलावरचे तीन गेम आहेत. त्यांतल्या एकाचा अडॅप्टर आतून जळून काळा पडलेला, आणि त्यावर १२७ व्होल्ट असे छापलेले. सौदीत त्या काळी घरगुती वीज १२७ व्होल्टची असे, आपली २३० ची. तो गेम कुठून आला हे घरातल्यांना आठवत नव्हते. जळक्या अडॅप्टरने सांगितले.

दुसरा नमुना मला सगळ्यात प्रिय आहे. ‘गेम ॲण्ड वॉच’सारखा लहानसा गेम, दोन बटण सेलवर चालणारा. बटण सेल त्या काळी घड्याळजीकडेच मिळत आणि महाग पडत. कुणीतरी सेलच्या कप्प्यातून दोन तारा बाहेर काढून पाठीवर दोन पेन्सिल सेल रबरी ट्यूबच्या पट्टीने बांधले आहेत. हिशेब अचूक आहे : दीड अधिक दीड, तीन व्होल्ट, पूर्वीइतकेच, आणि चालणार कित्येक पट जास्त. तारा आहेत टेलिफोनच्या जाड केबलमध्ये असतात तशा, एक निळी, एक नारिंगी. डाग दिला आहे तो मोठ्या इस्त्रीचा, जाड पण कुठे शेजारच्या पट्टीला न चिकटलेला. हा हात रोज मोठ्या वायरी जोडणाऱ्याचा आहे, घड्याळजीचा नाही. गेम मिळाला तो वसाहतीतल्या एका क्वार्टरच्या आवराआवरीत. माझ्या मते कोयनेच्या वसाहतीचे हे अस्सल कागदपत्र आहे.

इतरही आहेत. बटणाखालच्या काळ्या रबराची वाहकता गेली म्हणून त्याला सिगारेटच्या पाकिटातली चांदी चिकटवलेले. तिथेच शिसपेन्सिल घासलेले. स्प्रिंगऐवजी बॉलपेनची स्प्रिंग बसवलेले. एका गेमचा आवाज देणाऱ्या चकतीची तार कापलेली आहे. ती तुटलेली नाही, कात्रीने स्वच्छ कापलेली आहे. आजोबांच्या दुपारच्या झोपेसाठी, असा खुलासा नातवाने, म्हणजे आता पन्नाशीच्या गृहस्थांनी केला.

नव्वदच्या दशकातला ‘ब्रिक गेम’ मात्र या पंक्तीत बसत नाही. दहा बाय वीस, अशा दोनशे चौकोनांचा पडदा, आणि वरून पडणाऱ्या विटा. मॉस्कोच्या अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये रचलेल्या ‘टेट्रिस’ची ही चिनी, विनापरवाना संतती. वर ‘९९९९ इन १’ लिहिलेले, आत मोजून डझनभर खेळ. तो जत्रेत मिळू लागला तेव्हा बिघडला की दुरुस्त न करता नवा घेतला जाऊ लागला. माझ्याकडे बरेच आहेत, पण त्यांच्या पाठी उघडून फारसे काही हाती लागत नाही.

संग्राहकाचा खरा शत्रू भाव नाही, हवा आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे धातू आणि गोंद यांचे आयुष्य बेताचेच. साधा झिंक-कार्बन सेल गळला तर द्राव आम्लधर्मी असतो, तो खाण्याच्या सोड्याने पुसावा; अल्कलाइन सेलचा अल्कधर्मी, तो व्हिनेगरने किंवा लिंबाने. उलट केले तर नुसती घाण पसरते. पडद्यावरची प्रकाश गाळणारी फिल्म पिवळी पडते, तिला आंबूस वास येऊ लागतो. ती सोलून नवी लावता येते. काचेच्या आतला द्रव फुटून काळा डाग पसरला तर इलाज नाही. चिप काळ्या राळेच्या थेंबाखाली पुरलेली असते, ती गेली तर गेम गेला. ओल शोषणारे निळे सिलिका जेलचे मणी हवाबंद डब्यात ठेवावेत. गुलाबी झाले की तापवून पुन्हा वापरता येतात, पण स्वयंपाकाच्या कढईत तापवू नयेत, निळ्या रंगात कोबाल्ट असते आणि ते विषारी. डांबराच्या गोळ्या तर नकोतच, काही प्लॅस्टिक त्यांनी मऊ पडून चिकटते.

इथे एक पेच उभा राहतो. परदेशातले जाणकार आता चिपेचे कवच आम्लाने काढतात, सूक्ष्मदर्शकाखाली फोटो घेतात आणि आतला कार्यक्रम बिट-बिट वाचून संगणकावर जिवंत करतात. काम थोर आहे. खेळ त्यामुळे वाचतो. पण निळी-नारिंगी तार त्यात येत नाही. एका परदेशी संग्राहकाने माझ्या त्या गेमला चांगली किंमत देऊ केली होती, अट एकच : तारा काढून ‘मूळ स्थितीत’ आणून द्या. मी नाही म्हटले. माझा नियम असा ठरला आहे : फिल्म कारखान्याची असते, ती बदलायला हरकत नाही. माणसाने केलेली दुरुस्ती शक्यतो हलवायची नाही. सिगारेटची चांदी कुजून गेम बंद पडला असेल तर ती काढावीच लागते, पण काढलेला तुकडा कागदी पाकिटात, चिठ्ठीसह, गेमच्या शेजारीच राहतो. एरवी गेम बंद राहिला तरी चालेल.

हे हळवेपणाचे नाही, यामागे अनुभव आहे. चिपळूणच्या बाजारपेठेत घड्याळे आणि असली खेळणी दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते. कोणाचा गेम, काय बिघडले, किती पैसे, हे ते वह्यांत लिहीत. २२ जुलै २०२१ च्या पुरात दुकान बुडाले आणि वह्यांचा लगदा झाला. त्याच पुराने १८६४ पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचीही हानी केली. त्याआधी २००५ च्या पुरातही तिथली ग्रंथसंपदा भिजली होतीच. पुस्तकांसाठी निदान माणसे धावली. खेळण्यांच्या वह्यांसाठी कोण धावणार? आता त्या हातांचा पुरावा उरला आहे तो घरोघरच्या बंद गेमच्या पोटात, आणि तो रोज भंगारात जातो आहे.

दिनकर केळकरांनी पुण्यात अडकित्ते, दिवे, वज्र्‍या जमवल्या तेव्हा त्यांनाही लोक हसलेच असतील. आज राजा केळकर संग्रहालयात जाऊन आपण ते अडकित्ते तासन्‌तास पाहतो. बंद पडलेला प्लॅस्टिकचा गेम अजून त्या पंक्तीला पोचलेला नाही. माझा संग्रह माझ्यामागे कुठे जाईल, ते ठरायचे आहे. तोवर प्रत्येक गेमची पाठ उघडून फोटो काढणे आणि नोंद लिहिणे चालू आहे.

आपल्या माळ्यावर असा एखादा गेम असेल तर आजच त्यातले सेल काढा. धुऊ नका, चमकवू नका. पाठीवर मुलाने कर्कटकाने कोरलेले नाव तसेच राहू द्या. कोणी आणला, कोणत्या गावाहून, साधारण कोणत्या साली, हे घरातल्या थोरल्या माणसाला विचारून चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी गेमसोबत ठेवा. सेलच्या झाकणाऐवजी कुणी वहीचा पुठ्ठा कापून लावला असेल, तर तोही राहू द्या.