बीडचा बाजार आणि करमणूक

बीड शहराची खरेदी प्रामुख्याने सुभाष रोडवर होते. कापड, भांडी, सराफी यांसाठी गर्दी इथेच. धान्याचे व्यवहार मोंढ्यात चालतात. दसऱ्याच्या सुमारास बाजाराला खरा रंग चढतो, कारण त्यानंतर ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे निघतात. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, हातात पडली की ताडपत्री, कोयते, किराणा यांची खरेदी होते. याच दिवसांत बालाघाटच्या डोंगरातली सीताफळे शहरात येतात. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पाटीवाल्या बाईकडून घेतलेल्या फळाची सर दुकानातल्या फळाला नाही.

जनावरांच्या बाजारासाठी नेकनूर आणि हिरापूर गाठावे लागते.

जेवणासाठी सोलापूर-धुळे महामार्गावरचे ढाबे उत्तम. बाजरीची भाकरी, ठेचा आणि झणझणीत रस्सा ही तिथली ओळख.

नाटकासाठी शहरात यशवंतराव चव्हाण नाट्यगृह आहे. मात्र संध्याकाळ घालवायला कंकालेश्वरासारखी जागा नाही. पाण्याने वेढलेले हे प्राचीन मंदिर महाशिवरात्रीच्या यात्रेत गजबजते. इतर दिवशी तिथे निवांतपणा लाभतो. बीडला आलात तर सूर्यास्तापूर्वी तिथे पोहोचा.