घराणे आणि गायकी

संगीतविषयक मराठी लेखन वाचताना ‘घराणे’ आणि ‘गायकी’ हे शब्द एकमेकांच्या जागी योजलेले तुम्हांला आढळतील. ‘ग्वाल्हेर घराणे’ आणि ‘ग्वाल्हेर गायकी’ यांत वरवर पाहता भेद जाणवत नाही. अर्थ मात्र भिन्न आहेत.

‘भोसले घराणे’ म्हणताना वंश अभिप्रेत असतो. संगीतात वंशाबरोबर गुरुशिष्यपरंपराही येते. म्हणूनच एकट्या गायकाचे घराणे होत नाही, त्याला पिढ्या जाव्या लागतात. ‘गायकी’ म्हणजे प्रत्यक्ष गाण्याची रीत : आवाजाचा लगाव, बंदिशीची मांडणी, आलाप-तानांचे प्रमाण, लयीशी असलेले नाते. ती एका व्यक्तीचीही असू शकते.

किशोरी आमोणकर यांचे उदाहरण घ्या. त्यांच्या मातोश्री व गुरू मोगूबाई कुर्डीकर या अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. म्हणजे घराणे निःसंशय जयपूर-अत्रौली. परंतु रागाच्या भावाला अग्रस्थान देत किशोरीताईंनी संथ आलापीला जो अवकाश दिला, त्यातून त्यांची स्वतःची गायकी घडली. ही घराण्याशी फारकत की घराण्याचा विस्तार, हा वाद रसिकांत पुष्कळ रंगला. वरील भेद ध्यानात नसेल, तर तो वाद शब्दांचाच घोळ वाटेल. भास्करबुवा बखले यांना तर ग्वाल्हेर, आग्रा व जयपूर अशा तीन घराण्यांची तालीम मिळाली होती; गायकी मात्र एकच.

वामनराव देशपांडे यांच्या प्रसिद्ध ग्रंथाचे नाव ‘घरंदाज गायकी’ असे आहे. त्यातील विशेषण लेखकाला का आवश्यक वाटले असावे, याचे उत्तर आता स्वतःच्या शब्दांत लिहून पाहा.