खोजा सेनापती कसा झाला?

वसईजवळच्या पापडीत काही शिक्षकांशी आमच्या गप्पा चालल्या होत्या. इतिहास शिकवणाऱ्या एका गुरुजींनी आपली अडचण सांगितली. अल्लाउद्दीन खिलजीचा सेनापती मलिक काफूर हा खोजा होता, असे वर्गात सांगितले की मुले हसतात. हसून झाले की एखादा विचारतो, "मग त्याने लढाया कशा जिंकल्या?" प्रश्न चांगला आहे. त्यात जीवशास्त्र आहे आणि इतिहासही आहे. दोन्ही वेगवेगळे करून पाहू.

ज्याचे वृषण काढून टाकले किंवा निकामी केले आहेत, असा पुरुष म्हणजे खोजा. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला ही गोष्ट नवी नाही. गोऱ्हा खच्ची केला की त्याचा बैल होतो, न केला तर वळू. दोघांची मान, वशिंड आणि स्वभाव निराळे. असे का होते, याचा धागा १८४९ साली हाती लागला. जर्मन शास्त्रज्ञ बेर्टोल्ट यांनी कोंबडे खच्ची केले, तेव्हा त्यांचे तुरे खुरटे राहिले आणि आरवणे थांबले. पण काढलेला वृषण पोटाच्या पोकळीत बसवताच ते पुन्हा इतर कोंबड्यांसारखे वाढले. मूळच्या मज्जातंतूंचा संबंध तुटलेला असूनही हे घडले. म्हणजे वृषणातून काहीतरी द्रव्य रक्तात मिसळत असले पाहिजे. त्यातील मुख्य संप्रेरक, टेस्टोस्टेरॉन, १९३५ साली शुद्ध स्वरूपात मिळाले.

वयात येण्यापूर्वी वृषण काढले, तर आवाज फुटत नाही व दाढी-मिशा येत नाहीत. हाडांच्या टोकांजवळील कूर्चेचे हाड बनण्यास उशीर लागतो, म्हणून हातपाय लांब वाढतात. वयात आल्यावर काढले, तर एकदा फुटलेला आवाज पुन्हा बारीक होत नाही. मात्र विचार करण्याची, योजना आखण्याची किंवा हुकूम देण्याची शक्ती वृषणांत नसते. मुलांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच मिळते.

उरलेले अर्धे इतिहासात आहे. काफूर १२९९ च्या गुजरात स्वारीत खंबायतेला दिल्लीच्या फौजेच्या हाती लागलेला गुलाम. १३०७ मध्ये त्याने देवगिरीच्या रामदेवराय यादवाला शरण आणले. नंतर तो वारंगळ, द्वारसमुद्र आणि मदुरेपर्यंत गेला, आणि १३१३ मध्ये देवगिरीचे राज्यच त्याने दिल्लीला जोडले. अशा माणसावर सुलतानाने एवढी भिस्त का ठेवली? कारण त्याला मूल होणार नव्हते, पाठीशी घराणे नव्हते. मोठेपण मिळेल ते धन्याकडूनच. बायझंटाईन साम्राज्याचा सेनापती नार्सेस, आणि १४०५ ते १४३३ या काळात सात सागरी मोहिमांवर निघून कालिकतलाही आलेला चीनचा झंग ह, हे दोघेही खोजेच होते.

पण राजांचा हा हिशेब पुष्कळदा चुकला. १३१६ मध्ये अल्लाउद्दीन मरताच काफूरने त्याच्या लहान मुलाला गादीवर बसवून सत्ता स्वतःच्या हाती घेतली आणि महिन्याभरातच तो मारला गेला. महत्त्वाकांक्षा काही खच्ची झालेली नव्हती. कोरियातील दरबारी खोजे तर मुले दत्तक घेत व वंशावळी लिहून ठेवत. त्या वंशावळींतील ८१ खोज्यांचे आयुर्मान २०१२ साली अभ्यासले गेले. ते सरासरी ७० वर्षे निघाले. त्यांच्याच दर्जाच्या इतर पुरुषांपेक्षा १४ ते १९ वर्षांनी जास्त. संख्या लहान आहे, तरी पुरुषी संप्रेरके आयुष्य कमी करत असावीत, या शंकेला त्यामुळे बळ मिळाले.

या सगळ्याची किंमत मात्र मुलांनी मोजली. त्यांना कोणी विचारले नव्हते, आणि कित्येक त्या शस्त्रक्रियेतच दगावत.

वर्गात आणखी एक भेद स्पष्ट करायला हवा. दरबारी खोजे आणि आजचे तृतीयपंथी एकच नव्हेत. पहिली माणसे दुसऱ्याने केलेल्या शस्त्रक्रियेमुळे तशी झाली. दुसऱ्यांच्या बाबतीत प्रश्न स्वतःच्या ओळखीचा आहे, शस्त्रक्रिया झालेली असो वा नसो. मराठेशाहीत हिजड्यांना ठरावीक गावांत भिक्षा मागण्याचे हक्क सरकारमान्य होते आणि ते गुरूकडून चेल्याकडे जात. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या मुंबई सरकारने ते पुढे चालू ठेवण्याचे नाकारले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर उत्तर भारतात त्यांची नावे पोलिसांच्या नोंदवहीत चढवली. 'तृतीय लिंग' म्हणून सर्वोच्च न्यायालयाची मान्यता मिळायला २०१४ साल उजाडावे लागले.

मुले हसली तर त्यांना रागावू नये. आधी बैल आणि वळू यांच्यात काय फरक दिसतो ते विचारावे, मग कोंबड्यांचा प्रयोग सांगावा आणि शेवटी काफूरची गोष्ट. शरीरात काय घडते आणि समाज त्याचा काय अर्थ लावतो, या दोन गोष्टी निराळ्या आहेत, एवढे कळले की हसू आपोआप थांबते, असा आमचा अनुभव आहे.