‘रेझिडेंट ईव्हिल’: पहिला भाग आणि दुसरा

बालाघाट जिल्ह्यातल्या मुक्की गेटने कान्हाच्या जंगलात गेलेल्यांना ठाऊक असते: वाघ दिसण्याआधी चितळाचा कॉल ऐकू येतो, आणि छाती धडधडते ती तेव्हाच. ‘रेझिडेंट ईव्हिल’मधली भीती याच जातीची. हा ‘सर्व्हायव्हल हॉरर’ गेम, म्हणजे मोजक्या गोळ्या-औषधांवर जीव वाचवत पुढे सरकायचे. जपानच्या कॅपकॉम कंपनीने पहिला भाग १९९६ साली काढला, दुसरा १९९८ साली. दोन्हींत रक्तपात भरपूर आहे. लहान मुलांना लांबच ठेवावे.

आधी आवृत्ती निवडावी. गल्लत बहुधा इथेच होते. पहिल्या भागाची १९९६ची आवृत्ती आणि दुसऱ्याचा २०१९चा रीमेक, म्हणजे नव्याने बांधलेला खेळ, शेजारी ठेवले की दुसरा सहज सरस वाटतो. पण ती तुलना तेवीस वर्षांतल्या तंत्राची झाली. रीमेकमध्ये कॅमेरा पात्राच्या खांद्यामागून चालतो. मूळ दोन्ही भागांत तो खोलीत एका जागी खिळलेला असतो. आपण मूळ जोडीच घ्यावी.

मग चालायला शिकावे. वरचे बटण दाबले की पात्र त्याचे तोंड असेल तिकडे जाते, पडद्यावर वर नव्हे. सुरुवातीला सगळेच भिंतींना धडकतात. कोणी अंगावर येत नसेल अशा खोलीत थोडे फिरून हात बसवावा.

पहिला भाग जंगलातल्या एका वाड्यात घडतो. खेळायला क्रिस आणि जिल या दोन पात्रांपैकी एक निवडायचे. क्रिसला सहा वस्तू बाळगता येतात, जिलला आठ. नवख्याने जिल घ्यावी. खेळ सेव्ह करायला, म्हणजे तिथवरची प्रगती जपून ठेवायला, टाइपरायटर आणि शाईची रिबन लागते. वीज जाईल म्हणून सारखे सेव्ह केले, तर रिबनी संपतात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे प्रत्येक झोंबीवर गोळ्या झाडणे. जागा असेल तिथे बगल देऊन निसटावे. कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेरून फरफटत येणारी पावले मात्र कान देऊन ऐकावीत. या भागाचा खरा जीव त्यांतच आहे.

दुसऱ्या भागात रॅकून शहर आणि तिथले पोलीस ठाणे येते. दिग्दर्शन हिदेकी कामियांचे; पहिल्याचे दिग्दर्शक शिंजी मिकामी इथे निर्माते होते. बरेच पुढे गेलेले काम टाकून देऊन त्यांनी हा भाग पुन्हा नव्याने मांडला, आणि ते सार्थकी लागले असे मला मनापासून वाटते.

पहिल्या भागात क्रिस आणि जिल यांच्यापैकी एकाच्या खेळाचा दुसऱ्याच्या खेळावर परिणाम होत नाही. इथे लिऑन आणि क्लेअर या दोन पात्रांचे खेळ एकमेकांत गुंतलेले आहेत. एकाचा ‘ए’ खेळ संपवून दुसऱ्याचा ‘बी’ सुरू करायचा. शस्त्रांच्या खोलीतली मशीनगन आणि जास्त सामान मावणारी पिशवी ‘ए’मध्ये उचलली, तर ‘बी’मध्ये ती जागा रिकामी. पुढे येणाऱ्यासाठी काय ठेवायचे, हा पेच पहिल्या भागात नाही.

‘ए’ संपला की पुष्कळ जण खेळ बंद करतात. तसे करू नये. लांब कोटातला एक धिप्पाड पाठलाग करणारा ‘बी’मध्येच भेटतो, भिंत फोडून.

गोळ्या दुसऱ्यात जास्त मिळतात, त्यामुळे एकटेपणाची धास्ती थोडी पातळ होते. भीतीत पहिला भाग वरचढ, रचनेत दुसरा. वेळ कमी असेल तर दुसऱ्यात क्लेअरचा ‘ए’ आणि लिऑनचा ‘बी’, ही जोडी आधी खेळावी.